करुंब्यात आठवडाभर: कॅरॅव्हॅन घेऊन पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन जाणारे पुष्कळजण रोज एक मुक्काम करत पुढे सरकतात. संध्याकाळी पोचायचं, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी व्हॅन जोडून पुन्हा रस्त्याला लागायचं. अंतरं एवढी मोठी आहेत की हे ओघानंच होतं. तरीही पहिल्या प्रवासाला निघणाऱ्यांना मी आग्रहानं सांगेन, उष्ण कटिबंधातलं एखादंच लांबचं गाव धरा आणि तिथे आठवडाभर तरी राहा. पहिले दोन दिवस ऊन, चिलटं आणि पाण्याच्या नळ्या यांच्याशी जुळवून घेण्यातच जातात. गाव कळायला लागतं ते त्यानंतर.

उदाहरणासाठी मी क्वीन्सलँडच्या वायव्येकडचं करुंबा घेतलं आहे. कार्पेन्टारियाच्या आखातावर, नॉर्मन नदीच्या मुखाशी वसलेलं हे गाव. कायमची वस्ती जेमतेम पाचशेच्या आसपास. कोळंबीच्या बोटी इथून सुटतात. १९३८ पासून सिडनीहून इंग्लंडला जाणारी उडत्या बोटींसारखी विमानं इंधनासाठी इथल्या नदीत उतरायची. आता हिवाळ्यात दक्षिणेकडच्या थंडीला कंटाळलेली निवृत्त मंडळी उतरतात आणि गाव भरून जातं. इथे जे लागू पडतं ते थोड्याफार फरकानं उत्तरेतल्या बहुतेक छोट्या गावांना लागू पडतं.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर. इथे ऋतू दोनच, कोरडा आणि पावसाचा. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. त्या दिवसांत रस्ते पाण्याखाली जातात, गावं तुटतात आणि उकाडा सहन होत नाही. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे १५ च्या आसपास, म्हणजे पांघरूण घेऊन झोपता येतं. याच काळात कॅरॅव्हॅन पार्क भरलेले असतात आणि तीच तीच मंडळी दरवर्षी तीच साइट, म्हणजे व्हॅन लावायची जागा, धरून ठेवतात, त्यामुळे आरक्षण बरंच आधी करा. साइट मागताना व्हॅनची लांबी गाडीला जोडायच्या दांड्यासकट सांगा. ‘ड्राइव्ह थ्रू’ साइट मिळत असेल तर सोडू नका. नवख्याला रिव्हर्स घ्यावं लागत नाही हे मोठं सुख आहे.

रस्ता

केर्न्सहून करुंबा सुमारे ७५० किलोमीटर. डोंगर चढून पठारावर, मग माउंट सरप्राइज, जॉर्जटाउन, क्रॉयडन आणि नॉर्मन्टन. दक्षिणेकडून येणारे क्लॉनकरीहून नॉर्मन्टनला येतात. तो टप्पा ३८० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये वस्ती जवळजवळ नाही. नॉर्मन्टनपासून पुढे सत्तरेक किलोमीटरवर करुंबा. केर्न्सहून निघालात तर व्हॅनसकट हे अंतर एका दिवसात कापायचा हट्ट धरू नका. वाटेत दोन मुक्काम करा.

या रस्त्यांवर गुरांना कुंपण नसतं आणि कांगारू तिन्हीसांजेला नि पहाटे डांबरावर येतात. म्हणून नियम असा, की उजाडल्यावर निघायचं आणि दुपारी तीनच्या आत पोचायचं. डिझेल टाकी अर्धी झाली की भरायचं, पुढचा पंप नकाशात दिसत असला तरी.

काही ठिकाणी डांबराची एकच पट्टी असते. समोरून साधी गाडी आली तर दोघांनीही वेग कमी करून डावीकडची चाकं मातीत उतरवायची. रोड ट्रेन आली तर मात्र पूर्ण रस्ता तिला द्यायचा. हे ट्रक ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात आणि त्यांना मातीत उतरायला लावलं तर मागचे डबे हेलकावतात, शिवाय दगडांचा मारा तुमच्याच काचेवर होतो. लांबूनच वेग कमी करा, कडा घट्ट आणि कोरडी आहे ना ते पाहा, पूर्ण बाहेर उतरा आणि थांबा. ओल्या काळ्या मातीत उतरलात तर व्हॅन रुतते. त्यामुळे पावसाची सर येऊन गेली असेल तर उतरण्याची जागा आधीपासून हेरत चला.

गाडीत यूएचएफ रेडिओ, म्हणजे आसपासच्या गाड्यांशी बोलता येणारा रेडिओ, बसवून घ्या. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर बोलतात. मागे येणाऱ्या चालकाला ‘आता पुढे मोकळं आहे’ एवढं सांगितलंत तरी त्याचं काम सोपं होतं. मोबाइलची रेंज गावात असते, गावांच्या मध्ये नसते. या भागात टेलस्ट्राचं जाळं सगळ्यात लांबवर पोचतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर टेलस्ट्राचं एक प्रीपेड सिम घेऊन ठेवा. नकाशे आधीच उतरवून घ्या. निघण्याच्या सकाळी राज्य सरकारच्या क्यूएलडी ट्रॅफिक या संकेतस्थळावर रस्ता उघडा आहे का ते बघा.

व्हॅन लावायची कशी

घाई इथेच नडते. क्रम ठरवून घ्या आणि रोज तोच पाळा. दोघं असाल तर एकानं हाक द्यायची आणि दुसऱ्यानं करायचं.

आधी आडवी पातळी. एका बाजूचं चाक खाली असेल तर व्हॅन गाडीला जोडलेली असतानाच त्या चाकाखाली उतरता ठोकळा घालून चढवा. मग व्हॅनचा हँडब्रेक, चाकांना अटकाव, आणि त्यानंतरच गाडीपासून सोडवणं. पुढची-मागची पातळी जॉकी व्हीलनं, म्हणजे दांड्याखालच्या छोट्या चाकानं, साधते. चार कोपऱ्यांचे पाय सगळ्यात शेवटी. ते व्हॅन हलू नये म्हणून असतात, वजन उचलायला नाहीत. वीज, बॅटरी आणि गॅस अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज असेल तर पातळीकडे जास्तच लक्ष द्या, तिरक्या व्हॅनमध्ये तो नीट गार करत नाही. असा फ्रिज गॅसवर ठेवून पेट्रोल पंपावर कधीही शिरू नका.

वीज: व्हॅनची केबल १५ अँपिअरची असते, तिची अर्थची पट्टी रुंद असते आणि ती घरच्या साध्या सॉकेटमध्ये जात नाही. साइटवरच्या विजेच्या खांबावरचं बटण बंद करा, केबल आधी व्हॅनला, मग खांबाला लावा, मग बटण सुरू करा. एसी चालू असताना किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तर फ्यूज उडणारच. आधी चहा, मग एसी.

पाण्यासाठी पिण्यायोग्य पाण्याची वेगळी नळी, गाळणी आणि दाब कमी करणारा जोड, या तीन गोष्टी आणाच. करुंब्याचं पाणी नॉर्मन्टनजवळच्या ग्लेनोर बंधाऱ्यातून नळानं येतं, म्हणजे गावाला पिण्याचं पाणी लांबून पुरवलं जातं हे लक्षात ठेवून वापरा. गाडी नळाखाली धूत बसू नका. सांडपाण्याची नळी वेगळी ठेवा आणि तिला पिण्याच्या नळीजवळ पेटीतसुद्धा जागा देऊ नका.

आता मुंग्या. त्या केबलवरून, नळीवरून आणि जॉकी व्हीलवरून चढतात. जमिनीला जे जे टेकलंय त्याच्या भोवती पहिल्याच दिवशी मुंग्यांची पावडर टाका. एकदा कपाटात शिरल्या की आठवडा त्यातच जातो.

ऑनिंग, म्हणजे व्हॅनच्या बाजूला उघडणारं कापडी छत, उघडाल तेव्हा एक कोपरा खाली ठेवा आणि दोऱ्या ताणून बांधा. कोरड्या ऋतूत सकाळी आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो. रात्री आणि बाहेर जाताना ती गुंडाळून ठेवलेली बरी.

दिवस कसा चालतो

गाव पहाटे जागं होतं. मासेमारी, चालणं, कपडे धुणं, बाजार, सगळी कामं दहाच्या आत. मशीनसाठी डॉलरची नाणी आधीच साठवून ठेवा, आणि आपलं धुणं झालं की लगेच काढा, मागे रांग असते. अकरा ते तीन सावलीत बसायचं, वाचायचं, झोपायचं. आपल्याकडच्या माणसाला दुपारची झोप शिकवावी लागत नाही, पण शहरी सवयीनं ‘काहीतरी बघून येऊ’ असं वाटत राहतं. तो मोह टाळा. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या आणि टोपी नसेल तर बाहेर पडू नका.

चारच्या सुमाराला खुर्च्या बाहेर येतात. याला हॅपी अवर म्हणतात. प्रत्येकजण आपली खुर्ची, आपला पेला आणि थोडंसं खायला घेऊन येतो. बोलावणं आलं तर जा, नाही आलं तरी हात करून या. रस्त्याची, पाण्याची, माशांची खरी बातमी इथेच मिळते. सत्तरीतल्या माणसालाही इथे पहिल्या नावानं हाक मारतात. आपल्याला सुरुवातीला जड जातं, पण तेच रीतीला धरून आहे. कुणाच्या साइटमधून आडवं जायचं नाही, हा मात्र कडक शिष्टाचार. अंगणातून गेल्यासारखं मानतात.

मग सूर्यास्त. क्वीन्सलँडचा बहुतेक किनारा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे समुद्रात बुडणारा सूर्य या राज्यात फार थोड्या ठिकाणी दिसतो. करुंबा पॉइंटवर तो दिसतो आणि अख्खं गाव बघायला जमतं. त्याच सुमारास कॅरॅव्हॅन पार्कच्या हिरवळीवर वॉलबी, म्हणजे कांगारूंचे छोटे भाऊबंद, चरायला उतरतात. त्यांना पाव घालू नका.

चिलटं, बेडूक आणि इतर शेजारी

खारफुटीजवळची चिलटं, ज्यांना इथे सँडफ्लाय म्हणतात, दिसत नाहीत आणि साध्या जाळीतून आत येतात. सकाळ-संध्याकाळ लांब बाह्या, फिकट रंगाचे कपडे आणि डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम. डासांपासून रॉस रिव्हर विषाणूचा ताप येतो, सांधे महिनोन्‌महिने दुखतात, म्हणून हा कंटाळा करण्याचा विषय नाही. व्हॅनमध्ये दिवा लावण्याआधी दार बंद करा.

पार्कच्या संडासात बसण्याआधी कडेखाली नजर टाका. हिरवे वृक्षबेडूक तिथल्या ओलाव्याला येऊन बसतात, तळहाताएवढे, चकचकीत, तोंडाच्या कडेला हसल्यासारखी रेघ. निरुपद्रवी असतात. हात ओला करून हळूच उचला आणि बाहेर झाडाशी ठेवा, मग हात धुवा. केन टोड मात्र वेगळा, चामखिळींचा, तपकिरी आणि विषारी. उसावरच्या किड्यांसाठी १९३५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आणला आणि देशाच्या उत्तर भागात पसरत गेला. बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला.

पाणी आणि मगर

इथे पोहायचं ते फक्त पार्कच्या कुंपणातल्या बांधलेल्या जलतरण तलावात. नदी, खाडी, किनारा, बोटीचा उतार, कुठेही पाय बुडवायचा नाही. खाऱ्या पाण्यातली मगर गोड्या पाण्यातही मैलोन्‌मैल आत जाते. पाटी नाही म्हणजे मगर नाही असं नाही. नॉर्मन्टनच्या मुख्य रस्त्यावर ‘क्रिस’ नावाच्या मगरीची प्रतिकृती आहे. १९५७ मध्ये नॉर्मन नदीत क्रिस्टिना पाव्लोव्स्की यांनी मारलेली, ८.६३ मीटर लांबीची म्हणून सांगतात. मुलांना तिच्या जबड्याशेजारी एकदा उभं करा, पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

मासे धरताना पाण्यापासून किमान ५ मीटर मागे उभे राहा, आणि तंबू किंवा व्हॅन किमान ५० मीटर लांब. रोज एकाच वेळी एकाच जागी पाण्याशी जाऊ नका. मगर सवयी हेरते. गळ अडकला तर दोरी कापा, आत उतरून सोडवू नका. मासा साफ करायचा तो ठरलेल्या टेबलावर, पाण्याच्या कडेला नाही, आणि आतडी पाण्यात फेकायची नाहीत. ती पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचऱ्याची गाडी येते त्या सकाळी डब्यात टाका. उन्हात दोन दिवस डब्यात राहिलेली माशाची घाण अख्ख्या पार्कला पुरते.

पावसाळ्याच्या महिन्यांत समुद्रात बॉक्स जेलीफिश असते. दंश झाला तर आधी ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन, मग त्या जागेवर निदान ३० सेकंद व्हिनेगर ओतत राहायचं, चोळायचं नाही. उत्तरेत कधीही जा, व्हिनेगरची बाटली व्हॅनमध्ये असू द्या.

मासेमारी थोडक्यात

करुंब्याला बहुतेक दिवस चोवीस तासांत एकच भरती येते, त्यामुळे भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय निघण्यात अर्थ नाही. क्वीन्सलँडमध्ये समुद्रात हौसेनं गळ टाकायला परवाना लागत नाही, पण मापं कडक आहेत. बॅरामंडी ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि १२० पेक्षा मोठीही नाही. वरच्या मर्यादेचं कारण सुंदर आहे. हा मासा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ती थोराड बॅरामंडी जवळजवळ हमखास अंड्यांची असते. ओला हात लावून, पोटाला आधार देऊन सोडून द्या. पावसाळ्याच्या आसपास बंदीकाळ असतो. तारखा मत्स्यखात्याकडे त्या वर्षीच्या बघा. मासे धरायचे नसतील तर बोटीवरून येणारी कोळंबी विकत घ्या. माझ्या मते आठवडाभरातलं सर्वांत चांगलं जेवण तेच.

स्वयंपाक आणि सामान

दुकानातला माल ट्रकनं येतो. गाडी कोणत्या दिवशी येते ते पहिल्याच दिवशी विचारा आणि भाजी त्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी घ्या. कोबी, गाजर, बटाटे, कांदे टिकतात, पालेभाजीवर भिस्त ठेवू नका. डाळ, तांदूळ, पोहे आणि मसाले घरून न्या, इथे मिळतीलच असं नाही. फोडणी आणि तळण व्हॅनच्या आत करू नका. उष्णता रात्रभर राहते आणि वास गाद्यांत मुरतो. बाहेरच्या शेगडीवर, ऑनिंगच्या कडेला, वाऱ्याला आडोसा करून करा. छोटा कुकर असेल तर गॅस निम्मा लागतो. सिलिंडर दोन ठेवा आणि एक संपला की त्याच दिवशी बदलून आणा.

औषधं

नेहमीच्या गोळ्या महिन्याच्या न्या आणि चिठ्ठीची प्रतही. करुंब्यात प्राथमिक दवाखाना आहे, रुग्णालय नॉर्मन्टनला. त्यापलीकडचं काही झालं तर रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं विमान येतं. ही सेवा जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये सुरू केली, ती याच भागातल्या क्लॉनकरीतून. फोनवर इमर्जन्सी प्लस हे अॅप ठेवा. तुम्ही नेमके कुठे आहात ते त्यावरून सांगता येतं, आणि मैलोन्‌मैल एकच रस्ता असताना ते फार मोलाचं असतं.

एखादा दिवस बाहेर

नॉर्मन्टन ते क्रॉयडन धावणारी गल्फलँडर रेल्वे बघाच. १८९१ मध्ये पूर्ण झालेला हा १५२ किलोमीटरचा लोहमार्ग देशातल्या दुसऱ्या कोणत्याही मार्गाला जोडलेला नाही. जॉर्ज फिलिप्स या अभियंत्यानं लाकडाऐवजी पोलादी पोकळ स्लीपर वापरले आणि ते मातीनं भरले. वाळवीला खायला काही उरलं नाही, आणि पूर आला की पाणी रुळांवरून निघून जातं, मार्ग जागेवर राहतो. गाडी आठवड्यातून एकदा सुटते, म्हणून मुक्कामाचे दिवस त्याप्रमाणे ठरवा.

करुंबा-नॉर्मन्टन रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सपाट माळावर सकाळी सारस दिसतात. गोंदियाकडचे वाचक त्यांना लगेच ओळखतील. बरोबरीनं ब्रोल्गा हा इथलाच क्रौंचही चरत असतो. लाल रंग मानेवर बराच खाली उतरलेला आणि पाय गुलाबी असतील तर सारस. लाल फक्त डोक्याभोवती, हनुवटीखाली काळसर लोळी आणि पाय राखाडी असतील तर ब्रोल्गा. गाडीतूनच बघा. दार उघडलं की उडतात.

नॉर्मन्टनचा परिसर गुथार्न, कुकाटज आणि कुर्तिजार लोकांचा आहे. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काही वस्त्यांत दारू नेण्यावर बंधनं असतात, पाटी वाचूनच वळा.

निघताना

आदल्या संध्याकाळी ऑनिंग कोरडी असताना गुंडाळा. सकाळी संडासाची कॅसेट, म्हणजे व्हॅनच्या संडासाची काढता येणारी टाकी, डम्प पॉइंटवर, म्हणजे मैला टाकायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करा, तिथल्याच नळानं धुवा आणि जागा आपल्याआधी होती त्याहून स्वच्छ ठेवा. पिण्याच्या टाक्या भरा, पुढच्या टप्प्यात पाणी मिळेलच असं नाही. गॅस सिलिंडरवर बंद करा. मग व्हॅनभोवती एक पूर्ण फेरी: अँटेना खाली, छताची झडप बंद, पायरी वर, चारही पाय वर, जॉकी व्हील काढून ठेवलेलं, साखळ्या लावलेल्या, ब्रेकचे आणि वळणाचे दिवे दुसऱ्यानं मागे उभं राहून पाहिलेले. फेरी सुरू असताना कुणी गप्पा मारायला आलं तर फेरी पुन्हा पहिल्यापासून करा.

नॉर्मन्टनला डिझेल भरायला थांबाल तेव्हा व्हॅनच्या चाकांचे नट पान्यानं तपासा आणि प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघा. एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. पुढे क्रॉयडनला निघण्याआधी तिथेच मेकॅनिकला दाखवा.